सोळा की चार पॉइंट नऊ?

आमच्या घरात नुसता आकडा बोलायची सोय नव्हती. "कधी येशील?" याला "सात वाजता" असं उत्तर दिलं की बाबा चष्म्यावरून बघत विचारायचे, "सकाळी की संध्याकाळी?" साखर किती आणायची याला "दोन" म्हटलं तर, "दोन काय? दाणे?" एकदा परीक्षेत अठ्ठेचाळीस मिळाले म्हणून मी नाचत घरी आले, तर म्हणाले, "पन्नासपैकी की शंभरपैकी ते आधी कळू दे, मग पेढ्यांचं बघू." आई सांगते, तिला बघायला आले तेव्हा बाबांनी वय विचारलं, ती लाजत "बावीस" म्हणाली, आणि बाबांनी विचारलं, "पूर्ण की चालू?" तरी तिनं लग्न केलं. माणसं काय काय निभावून नेतात बघा.

बाबा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं होते. यंत्रांना लागणारी हत्यारं जिथे घडवतात ती टूलरूम. तिथली जुनी यंत्रं विलायतेतून आलेली, त्यांच्या चाकांवर इंचांच्या खुणा, आणि बाबा शिकाऊ म्हणून लागले ते त्या खुणांवरच शिकले. पुढे यंत्रं बदलली, नकाशांवर मिलिमीटर आले. बाबांनी तेही काम चोख केलं. पण घरी आले की पुन्हा फूट, इंच आणि सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या दाराची फट दोन सूत होती, माझी वेणी दीड फूट होती आणि पृथ्वीचं ओढणं बत्तीस होतं.

हे बत्तीस मला दहावीत भोवलं. वरून सोडलेली वस्तू किती सेकंदांत किती अंतर पडते, हे बाबांनी मला शाळेच्या कितीतरी आधी शिकवलं होतं. बत्तीसचे निम्मे सोळा. सेकंदांचा वर्ग करायचा, सोळानं गुणायचं, झालं. चाचणी परीक्षेत प्रश्न आला की मनोऱ्यावरून सोडलेला दगड तीन सेकंदांत जमिनीवर पोचला, तर मनोरा किती उंच? मी ऐटीत लिहिलं, सोळा गुणिले नऊ, एकशे चव्वेचाळीस. पेपर परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत "४४.१ मीटर" आणि शेजारी वाटोळं शून्य होतं. वर्गात सगळ्यांनी सोळाच्या जागी चार पॉइंट नऊ वापरला होता. मी घरी येऊन भोकाड पसरलं. माझी समजूत अशी झाली की पृथ्वी दोन प्रकारे ओढत असावी, शाळेत चार पॉइंट नऊनं आणि आमच्या घरी सोळानं. दहावीतली मुलगी इतकी मठ्ठ असू शकते यावर माझे आजचे विद्यार्थी विश्वास ठेवत नाहीत.

बाबा दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर शाळेत आले.

"बाई, एकशे चव्वेचाळीस बरोबर आहे," ते म्हणाले.

"अहो, उत्तर चव्वेचाळीस पॉइंट एक आहे."

"ते मीटर. हे फूट आहेत. करून बघा, उंची तीच येते."

बाईंनी पेपर पुन्हा पाहिला. "मग तिनं फूट असं लिहायला नको?"

बाबा माझ्याकडे वळले. "लिहिलं नव्हतंस?"

"नाही."

बाबा पुन्हा बाईंकडे वळले. "शून्य बरोबर आहे. उलट एक वजा करा."

मी तेव्हा बाबांशी दोन दिवस बोलले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला आमच्या क्वार्टरच्या जिन्यात बोलावलं. वरच्या कठड्यावरून ओळंबा सोडला, तळापासून मोजत मोजत सोळा फुटांवर भिंतीला खडूची रेघ ओढली आणि तिच्यावर "१६ फूट" असं लिहिलं. मग टेप उलटी करून, मीटरच्या बाजूनं तीच उंची मोजली आणि रेघेच्या खाली लिहिलं, "४.९ मीटर". मला म्हणाले, एखाद्या इंचाचा फरक आहे, तो खडू जाड आहे असं समज. मग वर जाऊन त्यांनी रेघेजवळून रबराचा चेंडू सोडला. मी खाली घड्याळ धरून उभी होते. एका सेकंदात चेंडू माझ्या पायाशी.

"चेंडूला काही माहीत नसतं," बाबा वरून म्हणाले. "तो आपला पडतो. सूत्रातला आकडा पडणाऱ्याचा नसतो, मोजणाऱ्याचा असतो. म्हणून मोजणाऱ्यानं सांगायचं असतं, मी कशानं मोजलं."

मी अबोला तिथेच सोडला. त्या एका रेघेपासून मला भौतिकशास्त्र आवडायला लागलं, असं मी आजही सांगते. पुढे मी तेच शिकले आणि आता एका ज्युनियर कॉलेजात तेच शिकवते. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर अर्धा मार्क कापते. पोरं माझ्यामागे मला "अर्धा मार्क" म्हणतात. म्हणू देत.

आता ज्याच्याशी मला लग्न करायचं होतं, त्याच्याविषयी. तो यवतमाळकडचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. माझ्या एका मैत्रिणीच्या लग्नात आम्ही जेवायला शेजारी बसलो होतो. वाढप्यानं जिलब्या किती म्हणून विचारलं, तर हा म्हणाला, "दोन नग." मी मान वळवून नीट बघितलं. हा माणूस आमच्या घरात टिकेल, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात आला, आणि तो जरा लवकरच आला होता.

वर्षभरानं तो पहिल्यांदा वारज्याला आमच्या घरी आला. आई खूश होती. बाबांनी त्याला समोर बसवलं आणि थंडपणे सुरुवात केली.

"आपण हिंजवडीहून आलात. किती लागलं?"

"दीड तास, काका. त्यातला एक तास नुसतं उभं होतो."

"हं. जी किती?"

मी कपाळाला हात लावला. गुरुत्वाचा आकडा विचारून सोयरीक जुळवणारं पुण्यातलं हे एकच घर असेल.

तो म्हणाला, "कशात सांगू, काका? फुटात की मीटरात?"

आई स्वयंपाकघरातून मोठ्यानं हसली. बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसू होतं असं मी शपथेवर सांगणार नाही.

तरीही बाबांनी हो म्हटलं नाही. म्हणाले, "बघू." पुण्यात "बघू" हे पूर्ण वाक्य आहे, त्यापुढे विचारायचं नसतं. हे "बघू" तीन महिने चाललं. कारण मला माहीत होतं. माझ्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला, आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणापुढे मान खाली घालायची पद्धत नाही. त्याचे आईवडील दोघेही शिक्षक, माणसं वाईट नव्हेत. पण त्याच्या आईनं फोनवर आमच्या आईला गोड आवाजात म्हटलं होतं, "तुमच्याकडे पूजा वगैरे नसते न? मग मुलीले सारं शिकवून घ्यावं लागन." बाबा शेजारीच बसले होते. त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "शिकेल की. हुशार आहे. पण चुकली तर?"

पळून जाऊन लग्न करणं मला जमणारं नव्हतं. म्हणजे जमलं असतं, मी काही भित्री नाही. पण मला बाबांचं "हो" हवं होतं, आणि ते त्यांच्या मनातून आलेलं हवं होतं. त्याला मी तसं सांगितलं होतं. तो म्हणाला, थांबू. आम्ही थांबलो होतो.

निवृत्तीनंतर बाबांनी पुण्याजवळ मांजरी गावात तीन गुंठे जागा घेतली होती. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला वाढत चाललेल्या इमारती, आणि मध्ये बाबांचं लिंबू, चिकू, शेवगा. जागेच्या हद्दीवर एक जुनी विहीर आहे, निम्मी आमची, निम्मी शेजारच्या मळ्याची. वर लोखंडी जाळी, जाळीवर वेलांचं रान. आत डोकावलं तर अंधाराशिवाय काही दिसत नाही. झाडांना पाणी देण्यासाठी बाबांनी छोटी सबमर्सिबल मोटर घेतली, पाण्यात बुडवून ठेवायची असते ती. तिला दोर आणि पाईप किती लागेल, हे कळायला पाणी किती खोल आहे ते कळायला हवं. एका शुक्रवारी बाबा मला म्हणाले, "उद्या तुम्ही दोघं जाऊन विहीर मोजून या. माझा गुडघा एवढं येणं-जाणं दोनदा करू देणार नाही. मी इथे पाईपच्या दुकानात थांबतो. एकला दुकान बंद होतं, त्याआधी सांगा."

त्यांनी "दोघं" म्हटलं होतं. मी रात्रभर तो शब्द घोळवत होते. ही परीक्षा होती हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

शनिवारी आम्ही मोटारसायकलवर शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलो. वेल बाजूला करून जाळीत हात जाईल एवढी जागा केली. मी दगड सोडायचा, त्यानं मोबाइलवर वेळ मोजायची. दगड सोडला की दोघंही श्वास धरून ऐकायचो. खालून "डुब" असा आवाज यायचा. तीनदा केलं, तिन्ही वेळा दोन सेकंद.

"दोनचा वर्ग चार," तो म्हणाला. "चार पॉइंट नऊ गुणिले चार, एकोणीस पॉइंट सहा. वीस मीटर पकड. आवाज वर यायला जरासा वेळ लागते, म्हणून थोडं कमीच असन. पण वीस धरलं तर दोर पुरते."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. एवढी नेटकी मोजणी, आणि तीही बाबांच्या पद्धतीनं. तेवढ्यात फोन वाजला. एकला पाच मिनिटं कमी होती. तो जाळीवर वाकून हौसेनं चौथा दगड टाकत होता.

"किती?" बाबा.

"वीस!"

"वीस?"

"हो बाबा, तीन-तीनदा मोजलं त्यानं!"

"बरं." फोन बंद. बाबांचे फोन दहा सेकंदांच्या वर जात नाहीत.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. घरी मी आयुष्यभर फुटात बोलत आले आणि वर्गात मीटरात. त्या दिवशी वर्गातला आकडा घरी धाडला, आणि त्याच्यामागे काही लावलं नाही. रोज अर्धा मार्क कापणारी मी.

रविवारी सकाळी बाबा रिक्षा करून मोटर, दोर, पाईप आणि आईनं दिलेला थालीपिठांचा डबा घेऊन मांजरीला आले. आम्ही दोघं आधीच पोचून वेल कापून ठेवले होते. बाबांनी त्याला "आपण जरा हे धरा" वगैरे म्हणत कामाला लावलं. मोटरला दोर बांधला, पाईप जोडला. बाबांच्या गाठी मी पाहिल्या आहेत, त्या सुटत नाहीत. मग जाळीचं झाकण उघडून मोटर हळूहळू खाली सोडली. ऊन कोवळं होतं, उसावरून वारा येत होता, आणि बाबा चक्क गुणगुणत होते. मला वाटलं, आज होणार. आज "बघू" संपणार.

दोर संपला.

"लागलं पाणी?" बाबांनी विचारलं.

"नाही, काका. लटकून आहे."

"असं कसं? तीस फूट आणलाय. वीसवर दहा हाताशी."

बाबा विहिरीच्या कठड्यावर पालथे पडले आणि आत टॉर्च मारला. मीही वाकले. मोटर मधेच लोंबकळत होती आणि तिच्या खाली, खूप खूप खाली, पाणी चमकत होतं.

मीटर. मी मीटर म्हटलं नव्हतं.

बाबा उठले, गुडघे झटकले आणि त्याच्याकडे बघितलं. त्यानं दोराकडे बघितलं, मग माझ्याकडे. एका क्षणात त्याला सगळं कळलं, मला त्याच्या डोळ्यांत दिसलं ते.

"वीस," बाबा म्हणाले. "आपण मोजलंत ना? वीस काय?"

"मीटर, काका. सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

"आपल्या कंपनीत चालत असेल असं. तिथे फार तर पडद्यावर लाल अक्षरं येत असतील. इथे मोटर लटकते."

"हो, काका."

"हा पाईप कापून आणलाय. कापलेला माल परत घेणार नाही अशी पाटी आहे दुकानात. मी त्या पाटीचं कौतुक करून आलोय."

"मी आणतो न दुसरा."

मी गप्प होते. इथे मला खरं लिहायला हवं, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला तोंड उघडायला भीती वाटली हे खरं, पण तेवढंच नाही. बाबांची ती धार माझ्यावर न येता त्याच्यावर गेली, याचं मला क्षणभर बरं वाटलं. दहावीतल्या त्या शून्यासारखं पुन्हा बाबांसमोर उभं राहायचं नव्हतं मला. दोर धरून मी नुसती उभी राहिले.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातल्या मावशी बांधावरून आल्या. सत्तरीच्या आहेत, आमची झाडं लावताना पहिला खड्डा त्यांनीच दाखवला होता. त्यांनी विहिरीत बघितलं, दोराचं टोक बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"अवो दादा, येवढ्याश्या दोरीनं काय व्हतंय? आठ परस हाय ती हीर, पाण्यापातूर."

"परस म्हणजे नक्की किती?" बाबांनी विचारलं. राग असो की लोभ, एककाचा विषय निघाला की बाबा त्यात गेलेच.

"किती म्हंजी? मानूस हुबा ऱ्हायला आन् हात वर केला की एक परस. आमच्या मामंजींनी खांदली ही हीर. त्यांचाच परस."

"ते किती उंच होते?"

मावशींनी आम्हा सगळ्यांना एकदा नजरेनं मोजलं आणि त्याच्याकडे बोट केलं. "ह्या तुमच्या जावयावानी."

बाबांनी मावशींची चूक दुरुस्त केली नाही, हे माझ्या कानांनी टिपलं. ते फक्त खिशातून टेप काढत म्हणाले, "या इकडे. त्या कडुलिंबाला पाठ लावा. टाच टेका. ताठ. हात वर, सरळ, बोटंसुद्धा."

तो झाडाला टेकून हात वर करून उभा राहिला, आणि बाबांनी त्याच्या टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत टेप लावली. वर पोचायला बाबांना चवड्यांवर उभं राहावं लागलं. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"सात फूट आठ इंच. गुणिले आठ." बाबांनी डोळे मिटले. "एकसष्ट फूट चार इंच. आणि आपले दगड काय म्हणतात?"

"दोन सेकंद, काका. सोळा चोक चौसष्ट."

बाबांनी डोळे उघडले. यानं सोळा वापरला होता, आमच्या घरचा. "मग हे दोन फूट आठ इंच गेले कुठे?"

"आवाजानं खाल्ले, काका. दगड पडला तरी आवाज वर यायला वेळ लागते. तेवढा वेळ आपण पडण्यातच मोजला."

"बरोबर!" बाबा जवळजवळ ओरडले. विटेचा तुकडा उचलून त्यांनी विहिरीच्या कठड्यावर लिहायला घेतलं. फुटात सोळा. मीटरात चार पॉइंट नऊ. "आणि परसात? परसात कितीनं गुणायचं?"

दोघंही उकिडवे बसले. सोळाला साधारण पावणेआठनं भागायला लागले. बाबांनी तोंडी, त्यानं मातीत काडीनं. दोघांचं उत्तर एकदमच आलं. "दोन!" आणि वर जरासं काहीतरी, ते दोघांनीही सोडून दिलं.

"म्हणजे परसात मोजलं तर सगळ्यात सोपं," बाबा म्हणाले. "सेकंदांचा वर्ग, त्याची दुप्पट. दोनचा वर्ग चार, चार दुणे आठ. आठ परस."

"मग मी काय म्हनत हुते?" मावशी म्हणाल्या. "आठच म्हनत हुते न्हवं?"

बाबा हसले. मिशीखालचं नाही, खरंखुरं, पोट धरून. तोही हसला, मावशी तर बांधावर बसूनच हसायला लागल्या. कठड्यावर तिसरं सूत्र लिहिलेलं होतं आणि त्यातला परस त्याच्या टाचेपासून बोटांपर्यंतचा होता. मला इतकं भरून आलं, आणि त्याच वेळी स्वतःची इतकी लाज वाटली, की यापुढे एक क्षणही गप्प बसणं अशक्य झालं.

"बाबा, त्यानं वीस मीटरच सांगितलं होतं," मी म्हणाले. "फोनवर मीटर मी गाळलं. चूक माझी आहे."

बाबा टेप गुंडाळत होते. "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"फोनवर आवाज तुझा होता. अजून बहिरा झालेलो नाही. आणि पहिल्या दिवशी 'कशात सांगू' म्हणणारा माणूस मीटर गाळेल?"

"मग त्याला एवढं बोललात कशाला?"

"आधी रागात बोललो. तो 'चुकलं माझं' म्हणाला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग म्हटलं, बघू या किती वेळ ऐकून घेतो." टेप खिशात ठेवून ते कठड्यावर बसले. "आणि विचारायचं मीही विसरलो. जन्मभर लोकांना छळलं, आणि नेमकं काल नाही विचारलं. तू इतकी आनंदात होतीस फोनवर, की मी नुसतं बरं म्हटलं."

मग ते उसाकडे वळले. बोलले तेव्हा आवाजात नेहमीची धार नव्हती.

"मला त्यांच्या घरच्या पूजेची अडचण नव्हती. भीती एकच होती. तिथे चूक कुणाचीही झाली तरी ऐकून घेणारी तू असशील. आज चूक तुझी होती, आणि ऐकून हा घेत होता."

मला रडू आवरेना. तो म्हणाला, "असू द्या न, काका."

"तुम्ही मध्ये बोलू नका, हे आमचं घरचं चाललंय." बाबा थांबले. "म्हणजे आता तुमचंही. पुढच्या रविवारी आईवडिलांना घेऊन या. जेवायलाच या." आणि पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मात्र एवढा वेळ गप्प बसलीस, ते मला आवडलेलं नाही. तो ऐकून घेतो म्हणून त्याला ऐकू द्यायचं नाही. मला तुझ्यासाठी जी भीती होती, ती त्याच्या आईला त्याच्यासाठी वाटता कामा नये. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले. आणि खरंच कळलं होतं. त्याच्या आईचा विचार मी तोवर एकदाही केला नव्हता.

"आवं, ती मोटर वर वढायची का तशीच टांगून ठिवायची?" मावशींनी विचारलं.

आम्ही तिघांनी दोराला हात घातला. मी सगळ्यात पुढे होते, रडत होते, हसत होते आणि जोर लावून ओढत होते. मागून बाबा ओरडत होते, "अगं हळू, कठड्याला आपटेल ती." त्यांचं ऐकून मी जरा दमानं ओढायला लागले.